चिमूटभर कापसाचा हेवा

मित्रांनो, एरंडोलच्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात, टेबलाच्या खणात पडलेलं जुनं भिंग म्हणजे मी. माझा स्वभाव जरा जळका आहे, हे आधीच सांगून टाकतो.

एके काळी डॉक्टर दिपमालाताईंचं माझ्यावाचून पान हलत नसे. गजकर्णाची लाल, खवलेदार कड, खरजेच्या किड्याने बोटांच्या बेचक्यात कोरलेली बारीक रेघ, चामखिळीतले काळे ठिपके, सगळं मीच दाखवलं. मग मोबाइलला लावायचं दिव्याचं भिंग आलं आणि माझी रवानगी खणात झाली. ते मिरवायचं आणि मी आतल्या आत धुमसायचो.

एक दिवस झुंबरबाई आल्या. लग्नकार्यात तापलेल्या खापरावर, म्हणजे चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, पुरणाचे मांडे करावेत ते त्यांनीच. त्यांच्या उजव्या हातावर फिकट चट्टा होता.

"खाज नही, दुखस नही," त्या म्हणाल्या. "ताई, हाई गजकर्ण शे का?"

ताईंनी मोबाइल धरला. समाधान होईना, तेव्हा मला बाहेर काढलं. मी हरखलो! पण ना खवले, ना कड. मलाही काही उलगडेना.

"अक्का, खापराचा चटका बसतो का इथे?"

झुंबरबाई अभिमानाने हसल्या. "बठ्ठा गाव म्हनस, झुंबरना हातले चटका लागस नही!"

ताई गंभीर झाल्या. त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, त्याचं टोक वळलं आणि झुंबरबाईंना डोळे मिटायला सांगितलं. कापूस लागेल तिथे बोट ठेवायचं. दंडावर, मनगटावर त्यांचं बोट अचूक पडलं. मग कापूस चट्ट्यावर फिरला, पुन्हा फिरला.

"लावा ना ताई," झुंबरबाई म्हणाल्या. "कवय लावशात?" कापूस तर केव्हाचा चट्ट्यावर फिरत होता.

दोन पैशांच्या कापसाने बाजी मारली. मला त्याचा असा हेवा वाटला की काय सांगू!

ताईंनी आणखी तपासणी केली. कुष्ठरोग होता, पण अगदी सुरुवातीचा. "सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. पूर्ण घ्या, बऱ्या व्हाल. हात मात्र विस्तवापासून जपा."

झुंबरबाईंचा चेहरा उतरला. "आते मना मांडा कोन खाई?"

गोळ्या सुरू होऊन काही महिने झाले, तेव्हा त्या मांडे घेऊन आल्या. पण डबा पुढे करायला हात धजेना. दवाखाना माणसांनी भरलेला होता. ताईंनी तो डबा त्यांच्या हातातून घेतला, सर्वांसमोर मांडा मोडला आणि तिथेच खाल्ला. कंपाउंडर अभिमनभाऊंनीही हात पुढे केला. झुंबरबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. त्या दिवशी मला अभिमनभाऊंच्या हातातल्या तुकड्याचासुद्धा हेवा वाटला.

मित्रांनो, न खाजणारा, न दुखणारा चट्टा लपवू नका. त्यावर कापूस फिरवून बघा आणि कळलं नाही तर लगेच दवाखाना गाठा. माझी आठवण कुणी काढणार नाही, मी पुन्हा जळेन. जळू द्या मला, पण तुम्ही या.