शिंपीकाकांचं ‘बरं’

“काका, इकडे बघा. आज कसं वाटतंय?”

“बरं.”

“पोटात दुखतंय का?”

“बरं आहे.”

“छान! संध्याकाळी परत बोलू हं.”

“बरं.”

पडदा काळा झाला. चाकाच्या खांबावर बसवलेला हा पडदा म्हणजेच आता वॉर्डातली सिस्टर. पूर्वी हाडामांसाच्या चार होत्या. दोघी परदेशी गेल्या, एकीची कंबर गेली, चौथीनं सकाळी राजीनामा ठेवला आणि दुपारी विमान गाठलं. त्यांना तरी नावं कशी ठेवणार? एकटीनं चाळीस खाटा ओढायच्या म्हणजे बैलसुद्धा बसेल. आता कुठल्याशा दूरच्या खोलीत बसून एकच बाई ऐंशी रोग्यांवर नजर ठेवायची. उंटावरून शेळ्या हाकतात हे आक्कानं ऐकलं होतं, पण इथं तर उंटही दिसत नव्हता.

आक्का या वॉर्डाची आया. एकतीस वर्षं झाली. सकाळी आली की आधी प्रत्येकाच्या पावलांना हात लावायचा, मग फडकं हातात घ्यायचं, ही तिची रीत. आज नऊ नंबरच्या खाटेवरची पावलं ओल्या फरशीसारखी गार लागली. तिनं चादरीखाली हात घातला. पोट फळीसारखं टणक. ऑपरेशन होऊन तिसराच दिवस.

“शिंपीकाका, पोटाची फळी झालीय आणि बरं काय म्हणता?”

“बाई घाईत दिसल्या. उगाच कशाला त्यांना...”

“तेच त्यांचं काम आहे! जरा ओरडा की. आजारी माणसानं गुणी असू नये, जीव जातो त्यात.”

“बरं,” काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काय करावं या माणसाला? चाळीस वर्षं दुकानात बसून बाही आखूड करा, बरं. उद्याच पाहिजे, बरं. तुमचंच माप चुकलं, बरं. शिंपी ओठांत टाचण्या धरतो ना, तसाच त्यांनी तो शब्द धरलेला. दुसरं काही बाहेर यायला फटच नव्हती.

आक्कानं पडद्याखालचं बटण दाबलं.

“आक्का, तुम्ही? ते बटण पेशंटसाठी आहे.”

“पेशंट दाबायचा नाही, तो भिडस्त आहे. यांच्या पोटाला हात लावायला कुणीतरी पाठवा. लक्षण चांगलं नाही.”

“नाडी जरा जास्त आहे खरी. पण ते स्वतः बरं म्हणाले, मी तेच लिहिलंय. तुमचं म्हणणं कुठे लिहू? इथे लिहिणाऱ्या नर्सचा नोंदणी नंबर मागतात.”

“नंबर नाही माझ्याकडे. हात आहेत.”

“आक्का, माझ्यासमोर अकरा जणांची नावं धोक्याची म्हणून लाल झालीत हो.” सिस्टरचा आवाज बसला होता. बोलताना ती दुसरीकडेच बघत होती. “डॉक्टर एकच आहेत, ते ऑपरेशनला उभे. काका, नीट सांगा, फार त्रास होतोय का? त्यांना तिथून बोलावू?”

आक्कानं काकांचा खांदा धरला. बोला, आता तरी बोला!

“नको नको,” काका कसेबसे हसले. “बरं आहे.”

पडदा काळा झाला.

“मेलात तरी बरंच म्हणा!” आक्काच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिनं जीभ चावली, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही.

फडकं तिथंच टाकून ती तीन जिने चढली. ऑपरेशनच्या दाराशी राखणदारानं अडवलं.

“आयांना इथे काम नाही. खाली व्हा.”

“तू जन्मला नव्हतास तेव्हापासून ही दारं पुसतेय मी. हलव बघू मला,” म्हणत ती उंबऱ्यातच बसली.

डॉक्टर बाहेर यायला दीड तास लागला. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं त्यांच्या, चालताना भिंत धरत होते. आक्कानं त्यांची बाही धरली ती खालीच आणून सोडली.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

“आतला टाका उसवलाय.”

काकांनी डोळे उघडले. आपल्या धंद्यातला शब्द ऐकल्यासारखे ते बघत राहिले.

“कुणी घातला होता?”

डॉक्टर खाली बघत म्हणाले, “मीच. त्या दिवशी नऊ ऑपरेशनं होती.”

“होतं असं,” काका म्हणाले. “घाईचं काम आलं की... होतं.”

त्यांना वर नेलं, पण पोटात सगळीकडे विष पसरलं होतं. तासाभरात पांढऱ्या चादरीखाली परत आणलं. डॉक्टरांनी पडद्यावरची नोंद उघडली आणि बोट लावून वाचली. काल सकाळी बरं. काल संध्याकाळी बरं. आज बरं. ते आक्काला काहीतरी सांगायला वळले, तेवढ्यात त्यांना पुन्हा वरून बोलावणं आलं.

मुकादम दारात उभा राहिला. “आक्का, आवरा पटकन. पुढचा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर आहे. दहा मिनिटांत नऊ नंबर रिकामा पाहिजे.”

“नऊ नंबर खाट आहे. हा माणूस आहे.”

“अहो, पण गुंडाळून द्यायचं फक्त. अंघोळ घालायची पद्धत बंद झालीय.”

“तुझी झाली असेल. पाणी कोमट आण, आणि दार लाव.”

कुरकुरत का होईना, त्यानं पाणी आणलं. आक्कानं काकांचं तोंड पुसलं, मान पुसली, मग उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट धुवायला लागली. मधल्या बोटाचं टोक सुया टोचून टोचून काथ्यासारखं खरखरीत झालेलं. तिथं तिचा हात थांबला. दाराबाहेर कुणीतरी कण्हत होतं, मुकादम दार वाजवत होता.

तिनं फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं, पिळलं आणि पुढचं बोट हातात घेतलं.