मागच्या सीटखालचं पाणी

"बूड भिजलं माहं," रुखमा वहिनी पुटपुटली. "सुनेले पुढची कोरडी सीट, अन् सासूनं डबक्यात बसावं. वा रे गाडी."

ती माझ्याशी बोलत नव्हती. मी वाकून तिच्या पायाखालची चटई ओढत होते आणि तिचं तोंड माझ्या कानापासून वीतभर होतं, म्हणून ऐकू आलं. खाली उतर म्हटलं तर उतरेना. बाहेर पाऊस, आत डबकं. तिनं डबकं पसंत केलं.

नागभीडला ब्रह्मपुरी रस्त्यावर माझं सीटकव्हरचं दुकान आहे. लोक सीटा शिवायला येतात आणि गळकी गाडी दाखवून जातात. हे मला कुणी शिकवलं नाही. बाप धीवर. गावच्या तलावावर त्याचा डोंगा होता. डोंगा गळायला लागला की तो राळ आणि तेल कढवून भेगेत भरायचा, पण भेग शोधायचं काम माझं. पाणी दिसतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडूनच. एवढ्या एका अकलेवर मी पंचवीस वर्षं पोट भरलं. गाडी चालवता मात्र मला अजून येत नाही.

"दोन मिस्त्री झाले, आत्या," अश्विन म्हणाला. रुखमाचा एकुलता एक. माझ्या माहेरचा, म्हणून मी आत्या. "मागच्या दाराचं रबर दोनदा बदललं. तरी गळूनच राह्यलं."

"कवापासून?"

"झाले तीन पावसाळे."

मी चटई पिळली. काळं पाणी निघालं. तीन पावसाळे म्हटल्यावर दुसरंही काही मोजलं जातं, ते मी मोजलं.

तीन वर्षांपूर्वी आषाढात अश्विनची पहिली बायको तलावात सापडली होती. रंजीता. दर रविवारी मेंदी लावून केस लाल करणारी. शिंगाडे काढायला गेली, पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. डोक्याची एक बाजू सोललेली होती, तर माशांनी खाल्लं म्हणाले. आषाढात शिंगाड्याचा वेल लावतात, फळ दिवाळीच्या आसपास येतं. मासे केस उपटत नाहीत. हे धीवराच्या पोरीला कळत होतं तसं सगळ्या गावाला कळत होतं. मी तेरवीला गेले, भात-वरण जेवले, परत आले.

आता ही दुसरी, दिव्यानी. औंदा वैशाखात लग्न झालं. पुढच्या डाव्या सीटवरून ती उतरली आणि तिच्या हातची पाण्याची बाटली अश्विनच्या बुटावर पडली. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. उलट्या हातानं अशी हाणली की तिचं डोकं गाडीच्या टपावर आपटलं. ओठ फुटला. तिनं ओढणी दातांत धरली आणि बाटली उचलली.

समोरच्या टपरीवर चौघं चहा पीत होते. चौघांनी बशीत पाहिलं. मी चटईत पाहिलं.

मग मी माझं काम सुरू केलं. जुन्या कॅलेंडरचा कागद दारात धरायचा, दार लावायचं, कागद ओढायचा. अडकला तर रबर नीट दाबतं. सुटून आला तर तिथं फट. मागच्या दोन्ही दारांनी कागद फाडला, सोडला नाही. म्हणजे मिस्त्र्यांनी कोरड्या दाराचं रबर दोनदा बदललं होतं. मी पुढच्या डाव्या दाराकडे वळले.

"तिकडं काऊन जाते?" अश्विन म्हणाला. "पाणी मागं येते."

"येते मागं. घरी गाडी चढावर लावतोस ना, तोंड वर करून? मंग पुढं शिरलेलं पाणी मागंच जाईन."

वरच्या कोपऱ्यात कागद अलगद निघून आला. मी बोट घालून पाहिलं. काचेवरची चौकट बोटभर बाहेर वाकली होती. खालच्या पत्र्यावर चपटा खड्डा आणि त्याच्यावर नव्या रंगाचा थर. दार असं आपोआप वाकत नाही. कुणी आत कडी लावून बसलं आणि बाहेरून लोखंडी सब्बल घालून उचकटलं, तरच वाकतं.

"हे दार कुठी ठोकलं का रे?"

"नाई."

फार लवकर म्हणाला. आणि मागच्या सीटवरची कुरकुर थांबली.

"पाणी मारून पाहू," मी म्हटलं. "पाऊस सगळीकडून पडते, त्यानं जागा नाई कळत. तू पाइप धर. खालून वर ये, हळूहळू. चाबी देऊन ठेव, आतला दिवा लागते." चाबी लावून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. दिव्यानीला टॉर्च देऊन डावीकडे बसवलं. काचा लावल्या.

पाइपचं पाणी पत्र्यावर वाजायला लागलं. आम्ही तिघी बंद डब्यात. तिनं टॉर्च वर धरला तशी बाही घसरली. दंडावर चार बोटांचे काळे ठसे, खाली पिवळे, त्याखाली जुने हिरवट.

"किती दिवसांचे?" मी विचारलं.

"हे कालचे. ते धानाच्या रोवण्याच्या पहिल्या दिवशीचे." तिचा आवाज एकदम सपाट होता. "आत्या, तो मले म्हणते, तुले बी तलाव दाखवतो."

मी आरशात पाहिलं. रुखमा वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती.

पाणी वर चढलं. काचेच्या कोपऱ्यातून धार फुटली आणि दिव्यानीच्या खांद्यावर पडली. भेग सापडली. मी तिच्या अंगावरून वाकले आणि चौकटीचं रबर पेचकसानं ओढून काढलं. रबराच्या आत काहीतरी गुंडाळून बसलं होतं. मी चिमटीत धरून ओढलं. ते येतच राहिलं. हातभर. केसांची बट, मेंदीनं लाल, आणि मुळाशी वाळलेल्या कातडीचा नखाएवढा तुकडा.

दिव्यानीचा टॉर्च खाली पडला. हात लांब करून तिनं दाराचं लॉक दाबलं. मी माझं दाबलं. मागच्या दोन दारांची लॉकं, शिस्तीची बाई, रुखमा वहिनीनं बसताच लावलेली होती.

काचेबाहेर अश्विनच्या हातातला पाइप थांबला होता. तो माझ्या हाताकडे पाहत होता.

"उघड."

त्यानं हँडल ओढलं, मग लाथ घातली. गाडी हलली. "उघड वो रांडे!" हे माझ्यासाठी की तिच्यासाठी, कळलं नाही. तो दुकानात गेला आणि माझ्याच शटरची सब्बल घेऊन आला.

मी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. टपरीवरचे चौघं उभे राहिले. उभेच राहिले.

सब्बल त्याच कोपऱ्यात शिरली. त्याला जागा शोधावी लागली नाही. पत्रा एकदा वाकला की तिथंच परत वाकतो. दोन हिसक्यांत चौकट हातभर बाहेर आली आणि काचेचा चुरा दिव्यानीच्या मांडीत पडला. त्याचा हात आत आला, तिच्या वेणीत अडकला आणि ओढू लागला. तिचं डोकं फटीत गेलं. गाल काचेच्या धारेवर घासला, रक्त माझ्या मनगटावर आलं.

मी पेचकस त्याच्या हाताच्या पाठीत घातला. एकदा. हाड लागलं. दुसऱ्यांदा आरपार गेला. तो जनावरासारखा ओरडला, वेणी सुटली. दिव्यानी माझ्या मांडीवर कोसळली. मी तिला दोन्ही हातांनी कवटाळलं, तेव्हा हॉर्न बंद झाला.

मग नुसता पाऊस.

अश्विन मागच्या दाराशी आला. रक्ताळलेला हात छातीशी धरून त्यानं काचेला तोंड लावलं आणि लहानपणी खाऊ मागत असावा तशा आवाजात म्हणाला, "आई. मागचं लॉक खोल."

रुखमा वहिनीचा हात लॉकवर गेला. मी आरशात पाहत होते. तिला अडवणारी मी कोण? मी तर तिच्याच घरी तेरवीचं जेवले होते. दिव्यानीनं मान वळवून सासूकडे पाहिलं. गालावरून रक्त हनुवटीवर येऊन ठिबकत होतं.

"आई, खोल ना वो. घरी जाऊ आपण."

"खोलू?" रुखमा म्हणाली. तिनं लॉकवर तळहात ठेवला आणि सगळं अंग त्याच्यावर घातलं. "मांगच्या खेपेस खोललं होतं ना."

"आई, चूप बस."

"मी इथीच बसली होती. याच सीटवर." आता ती त्याच्याशी बोलत नव्हती. उघड्या फटीकडे तोंड करून टपरीवरच्या चौघांना सांगत होती, गळ्याच्या शिरा ताणून. "रंजीता पुढं कडी लावून बसली होती. याच्यानं दार निघंना. केसच हाती आले. मंग हा मले म्हणे, मागचं लॉक खोल. मीनं खोललं. ऐकून राह्यले का जी? शिंगाड्याले नाई गेली ती. यानं मारलं तिले, अन् दार मीनं खोललं."