मधली जागा

महाळुंगे पडवळला सावळेरामच्या पडवीत रोज दुपारी म्हाताऱ्या बायका जेवायला येत. ज्यांची मुलं चाकण-भोसरीला कंपनीत लागली आणि तिकडेच राहिली, अशा. ही पंगत सावळेरामच्या बायकोनं, गोजरबाईनं सुरू केली होती. आधी ती आजारी साळुबाईला भाकरी-कालवण नेऊन द्यायची. मग कोंडाबाईला, मग बौद्धवाड्यातल्या फुलाबाईला. एक दिवस म्हणाली, "मी कुठवर दारोदार हिंडू? तुमीच या माझ्याकडं." त्या आल्या. पहिल्या दिवशी फुलाबाई उंबऱ्याबाहेरच टेकली, तर गोजरबाईनं तिचं ताट उचलून पंगतीत आणून ठेवलं आणि म्हणाली, "तिथं कुत्री येत्यात. हितं बस."

पुढे गावातल्या महिला मंडळानं धान्य गोळा करायला सुरुवात केली आणि त्या जेवणाला बूड आलं.

गोजरबाई गेली तरी पंगत थांबली नाही. फुलाबाईची सून रत्ना मंडळाची सचिव होती. ती आणि आणखी दोघी येऊन सावळेरामच्या चुलीवर स्वयंपाक करू लागल्या. सावळेराम पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, ताटं मांडायचा. बायकोमागं त्याच्या घरात माणसांचा आवाज उरला होता तो एवढ्या दुपारपुरता. मुलगा गोरख चाकणला. सकाळी गाय हंबरायची, संध्याकाळी रेडिओ चालायचा. पण तो काही आपल्याशी बोलत नाही.

पडवी मात्र थकली होती. पावसाळ्यात मधोमध धार लागायची आणि मागच्या मातीच्या भिंतीला पोट आलं होतं. गोजरबाई शेवटच्या आजारपणातही म्हणायची, "म्हाताऱ्यांच्या ताटात पाणी पडतं हो. त्यांना एक पक्की खोली पायजे." म्हणून रत्नानं मंचरच्या घोडकाठ प्रतिष्ठानकडे अर्ज करायचं काढलं, तेव्हा सावळेराम लगेच हो म्हणाला. घराशेजारची गोठ्यालगतची रिकामी जागा मंडळाच्या नावावर करून द्यायलाही तयार झाला.

खोली झाली की पडवी रिकामी होणार, हे त्याला रात्री अंथरुणात कळलं. ते तो कोणाला बोलला नाही.

प्रतिष्ठान तालुक्यातल्या व्यापाऱ्यांनी आणि मुंबईत बस्तान बसलेल्या गावकऱ्यांनी मिळून काढलेलं. कोणाला वाचनालयाची खोली, कोणाला मुलींच्या वसतिगृहाचे संडास, असं ते बांधून देत. धान्य, पगार, तेल-मीठ यांना पैसा देत नसत. बांधकामाचं सामान त्यांचं, जागा संस्थेची, अंगमेहनत गावाची. आणि देण्याआधी त्यांचा एक माणूस येऊन जागा पाहून जायचा.

या पाहून जाण्यानंच घोटाळा केला.

मे महिन्यात निरोप आला, "उद्या पाहायला येतो." पाहायला येणार म्हटल्यावर गावाला एकच प्रकार ठाऊक. मुलीला पाहायला पाहुणे यावेत तशी धावपळ सुरू झाली. शेजारची ठकूबाई शेणाचं घमेलं घेऊन सारवायला आली. शाळेतल्या खुर्च्या आल्या. सावळेराम छपरावर चढला, मिळाली तेवढी फुटकी कौलं बदलली, खाली प्लास्टिकचा कागद ताणला. भिंतींना चुना मारला. पोट आलेली भिंत चुन्यानं आणखीच उठून दिसायला लागली, तेव्हा ठकूबाईनं आपल्या पेटीतली नवी फुलाफुलांची चादर आणून तिच्यावर टांगली. रत्नानं म्हाताऱ्यांना सांगितलं, "उद्या जेवण उशिरा. पाहुणे गेल्यावर या. धुतलेली लुगडी नेसून या."

पाहुणे म्हणजे एकटेच हौशीरामशेठ निघाले. मंचरच्या बाजारातले कांद्याचे व्यापारी, प्रतिष्ठानचे विश्वस्त. मोटारसायकलवरून आले, घाम पुसत खुर्चीवर बसले. पोहे खाल्ले, आणखी थोडे मागून घेतले. मग वर पाहिलं, खाली पाहिलं, चादरीकडे पाहिलं.

"झकास ठेवलीय की जागा," शेठ म्हणाले. "सारवलंय काय, रंगवलंय काय! माझ्या घरात असं नसतं, राव."

रत्ना खूश होऊन हसली.

"मग ताई, खोली कशाला पायजे तुम्हाला? तिकडं पश्चिमेला डोंगरात पोरं झाडाखाली बसून शिकतात. आमचा हात एवढाच पुरतो. गरज बघून द्यावं लागतं."

रत्नाचं हसू तिथंच राहिलं. पावसाळ्यात या म्हणावं, तर तोवर दुसऱ्या गावाला होऊन जाईल.

सावळेरामला मात्र त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. खोली नाही. म्हणजे साळुबाई इथंच येणार, इथंच सगळ्यांना शिव्या घालत जेवणार. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच वाईट वाटलं.

तेवढ्यात काठी वाजली. साळुबाई दारात उभी.

"आजी, उशिरा या म्हटलं व्हतं ना?" रत्ना दबक्या आवाजात म्हणाली.

"पाहुणा तुमचा, भूक माझी," साळुबाई म्हणाली. "आन् ह्यो कोन बसलाय, ह्याचं लगीन ठरलंय का काय?"

"ठरवा की आजी," शेठ म्हणाले, "पण आमच्या घरच्यांना विचारावं लागंल."

"तिला काय इचारायचं? सुटली म्हनंल."

शेठ पोट धरून हसले. साळुबाईमागून कोंडाबाई, फुलाबाई, बाकीच्या सगळ्या आल्या. उशिराचं कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं, नाहीतर राहिलं असून त्या आल्या होत्या. रत्नानं नाइलाजानं ताटं घेतली.

म्हाताऱ्या भिंतीला लागून बसल्या. काही या भिंतीला, काही त्या. गुडघ्याला गुडघा लागत होता, कोंडाबाईचं अर्धं अंग चादरीत गेलं होतं. आणि पडवीचा मधला भाग, ताजा सारवलेला, तसाच रिकामा.

शेठनी थोडा वेळ पाहिलं. "आजी, अशा दाटीवाटीनं का? मधी एवढी जागा हाये."

"तिथं गळतं," साळुबाई भात कालवत म्हणाली.

"मे महिन्यात?"

"आता नाय गळत. पर तिथं बसायचं नाय म्हनून गोजरनं सांगितलंय."

"गोजर कोण?"

सगळ्या जणी सावळेरामकडे पाहायला लागल्या. फुलाबाईनं हातातला घास परत ताटात ठेवला.

सावळेराम उठला. त्याला वाटलं होतं आपण गप्प बसू. गप्प बसणं सोपं होतं, आणि कोणी दोषही दिला नसता. तो कोंडाबाईजवळ गेला, म्हणाला, "जरा सरक, माय," आणि त्यानं चादर ओढून काढली. चुना मारलेलं भिंतीचं पोट उघडं पडलं. चिरेत बोट जात होतं.

"शेठ, ही बघा. काल आमी झाकली. वरचा कागदबी कालच लावलाय. पाहुणं येनार म्हनून." त्यानं बांबूनं वरचा कागद बाजूला केला. कौलांमधून उन्हाचे कवडसे खाली आले, बरोबर मधल्या जागेवर. "गोजर माझी मंडळी. तिनं ह्या पंगतीला सुरुवात केली. तिला खोली पायजे व्हती."

"आन् तुमाला?" शेठनी सहज विचारलं.

सावळेराम कवडशांकडे पाहत राहिला. "मलाबी पायजे," तो म्हणाला. "ह्या भिंतीखाली एखादी गेली, तर मी गोजरला काय सांगू?"

शेठ उठले. बूट काढून मधल्या जागेत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "ताई, मलाबी वाढा थोडा भात."

पावसाळा संपल्यावर काम सुरू झालं. प्रतिष्ठानकडून विटा, सिमेंट, पत्रे आले. गावातली माणसं आळीपाळीनं खपली. गवंडी चांगला होता. त्यानं पडवीची ती भिंतही उतरवून पुन्हा नीट रचून दिली आणि वरची कौलंही बदलून दिली. पाटीवर कोणाचं नाव घालायचं म्हणून शेठनी विचारलं, तर सावळेराम म्हणाला, "नाव कशाला? मधी गळू देऊ नका म्हंजे झालं."

संक्रांतीला नव्या खोलीत पहिली पंगत बसली. चकचकीत फरशी, खिडक्यांतून ऊन. आणि सगळ्या म्हाताऱ्या भिंतीला लागून, गुडघ्याला गुडघा लावून. रत्ना वाढता वाढता ओरडली, "अगं, मधी बसा की! हितं कुठं गळतंय?" एकही हलली नाही. सावळेराम हसला. मग त्याला तिथं उभं राहवेना. पाण्याचा हंडा ठेवून तो घरी आला.

पडवीत चूल थंड होती. तो उंबऱ्याशी बसला. पलीकडून ताटांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आता सगळ्या आपापल्या घरी जातील, असं म्हणत तो बसून राहिला.

काठी वाजली.

"सरक," साळुबाई म्हणाली आणि त्याला ओलांडून आत आली. "ती फरशी लई गार लागती, बाबा. जेवायला ठीक हाय. पडायला नाय." तिच्या मागून फुलाबाई मिश्रीची डबी उघडत आली. मग कोंडाबाई.

सावळेरामनं घाईघाईनं घोंगडी आणली आणि मधोमध अंथरली. "हितं पड, साळुमाय. ऐसपैस. भिंत नवी झाली, कौलं नवी झाली. आता गळत न्हाई."

साळुबाईनं वर पाहिलं, खाली पाहिलं.

"नको," ती म्हणाली, "गोजर वरडंल." आणि घोंगडी ओढून तिनं भिंतीकडे नेली.