लहानूचं वजन

वाडीच्या धर्मकाट्यावर रविवारी ट्रक कमी आणि मुक्केबाज जास्त. मुक्केबाज म्हणजे तसे तीनच. तिघांचं मिळून वय दोनशेच्या पुढं, तिघांचे मिळून समोरचे दात सात शिल्लक. गेलेल्यांपैकी मुक्क्यानं किती गेले आणि तंबाखूच्या खर्ऱ्यानं किती, यावर प्रत्येकाचा आकडा वेगळा.

ट्रक तोलणारा नागसेन. शेजारची चहाची टपरी नत्थूजीची. आणि बाबनराव, एके काळचा वजनदार गटातला चॅम्पियन, कामठीहून शेअर ऑटोनं यायचा. त्याला काट्यावर उभं करायची गंमत अधूनमधून निघे, पण काटा दहा किलोच्या खालचा फरक दाखवत नाही, आणि बाबनरावला झाकायचा असतो तो नेमका तेवढाच.

यांचा खेळ असा : ब्याऐंशी सालचा साठ किलोचा चॅम्पियन आणि पंच्याण्णवचा पंच्याहत्तर किलोचा, दोघं समोरासमोर आले तर कोण पडेल? जाड्याला थोडं उतरवायचं, बारक्याला थोडं चढवायचं, मधल्या वजनावर दोघांना भिडवायचं. जिवंत गड्यानं स्वतःचं बोलायचं. मेलेल्याचं, जो त्याच्या कोपऱ्यात टॉवेल घेऊन बसायचा त्यानं. नियम एकच कडक : आधी शेवटच्या लढतीचं वजन सांगायचं, आणि खरं सांगायचं. वजन खोटं, तर गडी बाद. जात, पगार, बायकोचा स्वभाव, याबद्दल कोणी काहीही फेकावं, वजनाबद्दल नाही.

यांच्याच संघातल्या लहानूच्या कोपऱ्यात नागसेन. जिवंतपणी लहानू बारा लढती हरला होता. मेल्यापासून तेहतीस वर्षांत एकही नाही. नागसेन बोलायला लागला की लहानूचा डावा हात कुठून कुठं पोचायचा! सत्तर किलोवाले पडले, ऐंशीवाले पडले. बाबनराव स्वतः चौदा वेळा पडला आणि चौदाही वेळा चहा त्यानंच पाजला. मित्रप्रेम ते, असं नत्थूजी समजायचा.

नागसेनला मात्र जिंकून घरी जाताना कधी बरं वाटलं नाही. लहानूचं वजन तोंडातून निघालं, की त्याच्या डाव्या खांद्यामागं कोणीतरी येऊन उभं राही. बोलत नसे. नुसतं पोटातलं पाणी हलल्याचा आवाज येई, डुचुक डुचुक, भरल्या पोटानं माणूस पायांवर नाचावा तसा. मागं वळून पाहायचं नागसेननं पहिल्याच वर्षी सोडलं होतं. केळी खायचं त्याच्याही आधी.

त्या रविवारी लहानूची मुलगी आली. बाप गेला तेव्हा रोशनी आईच्या पोटात होती. आता एका शाळेत खेळाची बाई, पोरींना बॉक्सिंग शिकवते. आई अंजनाबाई महिन्यापूर्वीच गेली होती. तिघांनी हळहळ व्यक्त केली, नत्थूजीनं चहात आलं जास्त घातलं. बाबांच्या लढती इथं होतात असं ऐकलं, एक पाहायची आहे, असं ती म्हणाली. बाबनरावनं मोठ्या मनानं पंधराव्यांदा पडायची तयारी दाखवली आणि स्वतःचं वजन सांगितलं : ब्याऐंशी.

"लहानू," नत्थूजीनं पुकारा केला.

"एकोणपन्नास," नागसेन म्हणाला. मागं पाणी हललं.

रोशनीनं पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढून बाकावर ठेवलं. आईच्या पेटीत सापडलेलं, सरावाच्या वजनांचं. शेवटची नोंद लढतीच्या आदल्या दिवसाची : साडेसेहेचाळीस.

"एका दिवसात अडीच किलो," ती म्हणाली. "वजन उतरवतात कसं, ते मले समजते, काका. चढवतात कसं, ते तुम्ही सांगा."

काटा बिघडला असेल त्या दिवशी, असं बाबनराव पुटपुटला. तेहतीस वर्षांपूर्वी संघानं जिंकलेल्या ढालीची छोटी प्रत त्याच्याही घरी टांगलेली होती.

नागसेननं कार्डाकडं पाहिलं. एक करता येत होतं : आकड्यावर अडून बसायचं, म्हणजे कोपरा आपलाच राहील. बाबनराव साथ देईल, नत्थूजी गप्प बसेल. पण लहानूचे कान आणि हे समोरचे कान, दोन्ही सारखेच बाहेर आलेले.

"केळी," तो म्हणाला. "पंधरा-सोळा. अन् पाणी, गळ्यापर्यंत."

मग बाकीचं निघालं. एक्कावन्न किलोचा आपला गडी त्या दिवशी आलाच नाही. अठ्ठेचाळीसच्या वर भरल्याशिवाय त्या गटात उतरता येत नव्हतं, आणि कोणी नुसता उतरला तरी संघाला एक गुण, त्या गुणावर ढाल. लहानू नाही म्हणत होता. नागसेननं त्याला शब्द दिला : एक राऊंड उभा राहा, मग मी टॉवेल टाकून लढत थांबवतो.

"टाकला?"

"पहिला राऊंड त्यानं जिंकला, वं." नागसेनचा आवाज खाली गेला. "तिथंच माही नियत फिरली. त्यानं दोनदा माह्याकडं पाहिलं. टॉवेल माह्या हातातच होता."

पुढच्या राऊंडात डोक्याला बसलेल्या माऱ्यानं लहानू तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. ते सगळ्यांना ठाऊक होतं. टॉवेलचं ठाऊक असलेला इतकी वर्षं एकटा नागसेन.

रोशनी रडली नाही, ओरडली नाही. कार्ड उचलून पिशवीत ठेवत म्हणाली, "कोपरा सोडा, काका."

नागसेन बाकावरून उठला. ती तिथं बसली.

"लहानू. साडेसेहेचाळीस."

नत्थूजीला खेळ पुढं न्यावा की मोडावा कळेना, पण तिनं मान डोलावली तेव्हा त्यानं किटलीवर चमचा वाजवला. तिनं बाप चांगला लढवला. फेकाफेकी नाही, डावा हात, पाय, पुन्हा डावा. पहिला राऊंड लहानूचा. दुसऱ्यात बाबनराव म्हणाला, मी पडतो.

"नाही. खरं लढा."

बाबनरावनं नागसेनकडं पाहिलं, मग जमिनीकडं. उजवा, कानशिलावर, असं तो कसंबसं बोलला.

"लागला," रोशनी म्हणाली. "त्यानं माह्याकडं पाह्यलं. टॉवेल टाकला मी."

खेळाची रीत म्हणून नत्थूजीनं विचारलं, "मंग... हरला म्हणायचं?"

"हरला," ती म्हणाली. "अन् जेवाले घरी आला."