वारा न कळणारा काटा

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, तराजूचाही नव्हे. मित्रांनो, मी विमानातला काटा आहे. काळ्या गोल तबकडीवर, काचेमागे, पांढऱ्या रंगात मी आयुष्य काढले. धावपट्टीच्या अलीकडे एका माळावर बिनतारी मनोरा उभा आहे. तो आपली खूण सतत हवेत सोडत असतो. ती खूण जिकडून येते तिकडे वळायचे, एवढेच माझे काम. मनोरा विमानाच्या नाकासमोर असला की मी सरळ वर उभा राहतो. तो उजवीकडे असला की मी उजवीकडे झुकतो. ढगात शिरल्यावर खिडकीबाहेर काहीच दिसेनासे होते, तेव्हा वैमानिकाचा सगळा जीव माझ्यावर असतो.

मला घडवले एका कारागीर बाईंनी. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून त्यांनी मला केसाएवढ्या आसावर बसवले. मी जरा अडखळलो की मला काढायच्या आणि पुन्हा बसवायच्या. शेवटी मी हलकेच फिरलो, तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, हा आता कुणाला फसवायचा नाही." ते शब्द मी कितीतरी दिवस मिरवले. पुढे त्याच शब्दांनी माझी झोप उडवली.

माझी नेमणूक झाली शिकाऊ वैमानिकांच्या एका लहानशा विमानात. तिथे शिकवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. अंगाने आडवे, आवाजाने खणखणीत आणि नाक बाराही महिने चोंदलेले. उड्डाणापूर्वी ते माझ्या काचेवर टिचकी मारून विचारत, "काय बाबा, जागा आहेस ना?" मग शिकणाऱ्याच्या कपाळावर झापड बांधत. झापड म्हणजे लांब चोचीची टोपी. ती घातली की बाहेरचे काही दिसत नाही, फक्त आम्ही तबकड्या दिसतो.

आता माझे दुखणे सांगतो. मनोरा कुठे आहे ते मला कळते, पण वारा कुठून येतो ते मला ओ की ठो कळत नाही. समजा, वारा डावीकडून वाहतो आहे. नवशिक्या मला सरळ ठेवतो आणि निर्धास्त होतो. वारा विमानाला गुपचूप उजवीकडे सारतो. साहजिकच मनोरा थोडा डावीकडे पडतो आणि मीही तिकडे झुकतो. नवशिक्या नाक तेवढेच डावीकडे वळवून मला पुन्हा सरळ करतो. वारा पुन्हा सारतो. असे करता करता विमान ठरलेली वाट सोडून भलतीकडे जाते, आणि मी मात्र शहाण्या मुलासारखा सरळ उभा! खरी रीत वेगळी आहे. नाक आधीच वाऱ्याकडे थोडे वळवून ठेवायचे आणि मला दुसऱ्या बाजूला तेवढेच वाकडे राहू द्यायचे. त्यासाठी शेजारच्या होकायंत्राकडेही बघावे लागते, कारण नाक कुठे वळले ते त्यालाच ठाऊक असते.

हे शिकवण्यासाठी मास्तर मुलांना मुद्दाम दुपारी, भर वाऱ्यात न्यायचे. कुणी मला सरळ करायच्या नादाला लागला की ओरडायचे, "अरे, नदी कधी पोहून ओलांडली आहेस का? पलीकडच्या झाडाकडे तोंड करून हात मारत बसलास, तर कुठे लागशील? खाली गाळात!" मुले रडकुंडीला येत, पण शिकत.

मग त्यांची भाची शिकायला आली. मास्तरांच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक. बहिणीने निरोप देताना बजावले होते, "दादा, तुझ्या भरवशावर पाठवतेय हं तिला." घरी ती मामाच्या पाठीवर थापा मारायची, पण विमानात मात्र शिस्तीत "सर" म्हणायची आणि अहोजाहो करायची. पहिल्याच दुपारी वाऱ्याने विमान गदगदा हलले. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिला उलटी झाली. मास्तरांनी तोंड फिरवून डोळे पुसले, ते मी पाहिले.

त्यानंतर तिचे उड्डाण नेहमी सकाळी असायचे, झाडाचे पानही हलत नाही अशा वेळी. दुपारचे विचारले तर कधी ऊन फार असे, कधी इंजिन तापत असे. एकदा मेकॅनिक म्हणालाच, "मास्तर, भाचीबाईंसाठी वाऱ्याला रजेवर पाठवलंत की काय?" मास्तर हसले, पण त्यांचे कान लाल झाले. ती बिचारी मला सरळ धरून मनोऱ्यापर्यंत रेघ मारल्यासारखी जायची आणि आनंदाने म्हणायची, "सर, बघा ना, काटा जरासुद्धा हलत नाही!"

"शाब्बास! असाच सरळ ठेव."

मला तोंड नव्हते, नाहीतर मी ओरडलो असतो. तिची परीक्षासुद्धा वारा नसलेल्या सकाळीच झाली. ती पास झाली, पेढ्यासारखी गोड हसली, आणि माझी काळजी दुप्पट झाली.

काही दिवसांनी दुसऱ्या धावपट्टीवर दुरुस्तीला गेलेले आमचे विमान परत आणायला मास्तरांनी तिलाच पाठवले. एकटीला. निघताना आभाळ बरे होते. अर्ध्या वाटेत ढग खाली उतरले आणि डावीकडून जोराचा वारा सुटला. आमच्या वाटेच्या उजव्या हाताला एक डोंगर आहे. तो ढगात बुडाला होता.

मास्तर धावपट्टीवरच्या रेडिओच्या खोलीत होते. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला, "कशी आहेस?"

"ठीक आहे, सर. काटा सरळ आहे."

"नाक कुठे आहे?"

"होकायंत्रात नव्वदवर."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले. ती म्हणाली, "ब्याऐंशी." पुढच्या खेपेला म्हणाली, "चौऱ्याहत्तर. पण काटा अगदी सरळ आहे, सर."

होकायंत्राचा आकडा उतरतो आहे, नाक सारखे डावीकडे सरकते आहे, म्हणजे विमान उजवीकडे वाहत चालले आहे, हे मास्तरांना कळले. ते आकडे ऐकून मलाही कळले.

"नीट ऐक," मास्तर म्हणाले. "इंजिनाला पूर्ण जोर दे आणि चढायला लाग. दिलास? आता नाक डावीकडे घे, चांगलं पन्नासपर्यंत. काटा उजवीकडे पडेल. पडू दे."

"पण सर, मग मनोरा समोर राहणार नाही!"

"नसू दे. वारा तुला डोंगराकडे ढकलतोय."

"काटा सरळ ठेव असं तुम्हीच म्हणायचात!"

"वारा नसताना म्हणायचो." मास्तर म्हणाले. "तुला वारा मी कधी दाखवलाच नाही, बाळा. चूक माझी आहे. तू वळ."

मी सरळ असणे, हीच तिची सगळी विद्या होती, आणि तीच सोडून द्यायला तिला सांगितले जात होते. तिने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "मामा, मला भीती वाटतेय रे."

विमानात बसून ती त्यांना पहिल्यांदाच मामा म्हणत होती.

"मलाही वाटतेय. वळ."

ती वळली. मी उजवीकडे वाकडा झालो, आणि वाकडे होऊन मला इतके बरे कधीच वाटले नव्हते. तेवढ्यात ढगाला एक भोक पडले. उजव्या पंखाखाली काळा कातळ होता, शेरडांची पायवाट होती आणि झाडांचे शेंडे होते, सगळे एका बाजूला वाकलेले. तिने पहिल्यांदा डोळ्यांनी वारा पाहिला. भोक बुजले.

पुढे मामाने तिला बोटाला धरून आणावे तसे वाटेवर आणले. "आता पंचाहत्तरवर थांब. काटा उजवीकडे राहील, त्याला सरळ करायला जाऊ नकोस." मी वाकडाच राहिलो, होकायंत्र स्थिर राहिले आणि मनोरा बरोबर पोटाखालून गेला.

विमान उतरले, पंखा थांबला, तरी ती उतरेना. मास्तर धापा टाकत आले आणि पंखाला धरून उभे राहिले.

"मला वाऱ्यात का नेलं नाहीस, मामा?"

"तुला त्रास होत होता गं."

"आणि आज?"

तिने हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, "उद्यापासून मी दुसऱ्या सरांकडे शिकेन. दुपारी." मास्तरांनी मान हलवली आणि खिशातली विमानाची जादा किल्लीही तिच्या हातात दिली. मला दोघांचेही वाईट वाटले.

आता विमानात झगझगीत पडदा आला आहे. तो वाऱ्याचा हिशेब आपणच करतो. मला स्क्रू काढून बाहेर घेतले. मी रेडिओच्या खोलीत खिडकीत पडून असतो, काचेवर धूळ साचते. भाची आता स्वतः शिकवते, तेही दुपारीच. तिचे नाव मुलांनी "वादळबाई" ठेवले आहे. मास्तर निवृत्त झाले आहेत. पण वारा सुटला की काठी टेकत या खोलीत येतात, माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसतात आणि टिचकी मारून विचारतात, "जागा आहेस ना?" माझी तार केव्हाच तुटली आहे. मी हलत नाही. रेडिओवर आभाळातून तिचा आवाज येतो, "नाक वाऱ्याकडे आहे, मामा." तेव्हा कुठे ते खुर्चीत बसतात. ती उतरेपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, असे मी म्हणायला हवे. म्हणतोही. पण माझी खरी विनवणी निराळी आहे. मी कितीही सरळ उभा दिसलो, तरी माझ्या एकट्याच्या भरवशावर राहू नका, शेजारच्या होकायंत्रालाही विचारा. आणि मोठे झालात की ज्यांना तळहाताच्या फोडासारखे जपाल, त्यांना वारा दाखवा. तुम्ही त्यांच्या शेजारी बसलेले असतानाच दाखवा.