म्युझिकसमोरची खूण

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची गाणी भरून ठेवणारी माणसं माझ्या डोक्यात जातात. २००४ साली मी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका लहानशा संस्थेचा व्यवस्थापक होतो. सुरगाणा, पेठ भागातल्या भाताच्या जुन्या वाणांची माहिती आम्ही गोळा करत होतो. ऑफिसात माणसं चार, कॉम्प्युटर दोन, आणि त्यांतल्या चांगल्या कॉम्प्युटरवर, टायपिंग करणाऱ्या तृप्तीच्या कृपेने, दोनशेच्या वर गाणी.

त्या पावसाळ्यात आम्ही बॅकअपचं सॉफ्टवेअर घेतलं. रोज संध्याकाळी चांगल्या कॉम्प्युटरवरच्या फायलींची नक्कल जुन्या कॉम्प्युटरवर जायची. जुन्याची डिस्क एवढीशी, ती आठवड्यात भरली. मग सॉफ्टवेअर बसवणाऱ्या गौरांगला बोलावलं. त्याने मला सेटिंगचं पान उघडून दिलं. त्यात फायलींचे प्रकार लिहिले होते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ. ज्या प्रकारासमोरची खूण काढाल, त्या फायलींची नक्कल होणार नाही, आधी झालेली असेल तीही पुसली जाईल.

मी म्युझिकसमोरची खूण काढली. काढताना मुद्दाम तृप्तीकडे बघितलं.

"काका, कुठल्या प्रकारात कुठल्या फायली धरल्यात त्याची यादी आहे इथे," गौरांग म्हणाला. "एकदा उघडून बघा."

"म्युझिक म्हणजे काय ते कळतं मला," मी म्हणालो. वर तृप्तीला बजावलं, की यापुढे एक जरी गाणं सापडलं तरी कॉम्प्युटर काढून घेईन आणि टाइपरायटर पुढ्यात ठेवीन.

महिन्याने मी स्वतः शोधलं. एकही गाणं नाही! माणसाला शिस्त लावता येते, याचा मला फार अभिमान वाटला.

दिवाळीनंतर चांगल्या कॉम्प्युटरची डिस्क बसली ती कायमचीच. पण बॅकअप होता. गौरांगने नवी डिस्क टाकून एका दिवसात सगळं परत आणलं. पत्रं, तक्ते, फोटो, काही म्हणजे काही गेलं नाही. तृप्तीचा 'पत्रव्यवहार' नावाचा फोल्डर तेवढा अवाढव्य निघाला. मुलगी खूप काम करते, असं मला वाटलं. त्या खुशीत मी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

त्यानंतर आठेक दिवसांनी झिपरू आला. सुरगाण्याच्या पुढे एका पाड्यावर त्याचं घर. त्याची आई चिमणाबाई आमच्या कामाचा आधार होती. नुसतं टरफल बघून ती एकतीस वाणांची नावं सांगायची. आमच्या माणसांनी दोन वर्षांत तिचं अकरा तास बोलणं टेप केलं होतं. ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि त्याच कॅसेटी पुसून पुढे वापरल्या. काटकसरीचा तो हुकूमही माझाच.

"सायेब, आय गेली," झिपरू दारातच म्हणाला. "सव्वा महिना झाला. घरात तिचा फोटू बी नाय. तुमच्याकडं तिचं बोलनं हाय ना? येकदा आयकवा."

मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता.

मी गौरांगला फोन लावला. "काका, टेपवरून घेतलेल्या आवाजाच्या फायली म्युझिकमध्येच धरतात. यादीत होतं ते." मी सांगितलं होतं, असं तो म्हणाला नाही. त्याच्या जागी मी असतो तर म्हटलं असतं.

निदान फोटो तरी द्यावा म्हणून मी कॉम्प्युटरवरचे फोटो उघडले. चाळीस होते. सगळे भाताच्या दाण्यांचे, आणि त्यांत चिमणाबाईचा म्हणून फक्त तळहात. झिपरूने तो तळहात बराच वेळ बघितला.

"तिचा आवाज माझ्या हातून गेला," मी सांगून टाकलं. "माझी चूक झाली."

"असू द्या सायेब. तुमी काय मुद्दाम केलं नाय," तो म्हणाला आणि पिशवी घेऊन उठला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझी लाज वाटली.

तो जिन्यापर्यंत गेला असेल, तेवढ्यात तृप्ती उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"सर, त्यांना थांबवा. माझी गाणी अजून आहेत."

"गाण्यांचं काय घेऊन बसलीस आत्ता?"

"मी प्रत्येक गाण्याच्या नावाचं शेपूट बदललं होतं. पत्राच्या फायलीला असतं तसं लावलं. म्हणून तुम्हाला ती सापडली नाहीत, आणि सॉफ्टवेअरनेही ती पत्रंच समजून ठेवली. पत्रव्यवहारात सगळी आहेत." तिने तो फोल्डर उघडला. "त्यात एक चिमणाबाईंचं आहे. त्यांचं बोलणं ऐकून टाइप करताना कामाचं नाही म्हणून टाकून द्यायला सांगितलेला तुकडा. मला ऐकून हसू यायचं, म्हणून ठेवला."

"काय आहे त्यात?"

"मध्येच कोंबडी घरात शिरते, त्या तिला हाकलतात. मग शेतात गेलेल्या मुलाला जेवायला हाक मारतात. केवढ्यांदा!"

मी जिन्यावरून झिपरूला परत आणलं. तृप्तीने फायलीचं नाव पुन्हा होतं तसं केलं, त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. तो हात मांडीवर ठेवून अंग चोरून बसला होता. तिने बटण दाबलं.

आधी तो हसला. कोंबडी आली असणार. मग त्याने मान वर केली.

"ओ, आये!" झिपरू ओरडला. कानांवर हेडफोन होता, त्यामुळे आपण किती मोठ्याने ओ दिली हे त्याला कळलं नाही. तो खुर्चीतून अर्धा उठलाही होता.