माणसाचे दात असलेला डुक्कर

दचकू नका, मी डुक्करच बोलतोय. पत्र्यावर रंगवलेला. डोक्यावर आचाऱ्याची टोपी, हातात सुरी आणि तोंडात चक्क माणसाचे दात. मेक्सिको शहरातल्या एका बाजाराच्या तोंडाशी डुकराच्या मटणाची टपरी आहे, तिच्या खिडकीशेजारच्या पत्र्यावर मी एकोणीस वर्षं हसत उभा होतो. माझेच भाऊबंद खायला या, असं हसून सांगायचं, ही आमच्याकडच्या टपऱ्यांवरच्या डुकरांची नोकरी.

मला रंगवलं फिदेन्सिओ पेंटरने. त्याला नमुना लागत नसे. खडू लावलेली दोरी ताणून रेघ मारली की ब्रश सुरू. अंग झालं, टोपी झाली, पण तोंडाशी येऊन गडी अडला.

"डुक्कर हसतो तेव्हा दात कसे दिसतात रे?" त्याने टपरीच्या मालकाला, कासिमिरोला विचारलं.

"मला काय माहीत? मी कापतो तेव्हा ते हसत नाहीत!" असं म्हणून कासिमिरो एवढ्या मोठ्याने हसला की पेंटरने त्याचेच दात उचलले. पुढच्या दोन दातांमधली फट, डावीकडचा सोन्याचा दात, सगळं जसंच्या तसं.

सहा वर्षांपूर्वी कासिमिरो गेला. फोटो काढायचा म्हटलं की तो ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखा उभा राहायचा. त्यामुळे त्याचं हसू जगात एकाच ठिकाणी उरलं, माझ्या तोंडात. त्याची बायको एर्लिंदा रोज डोक्यावरून शाल घेऊन यायची, ओल्या फडक्याने माझे दात पुसायची आणि मगच आत जाऊन कढई चढवायची.

मध्यंतरी कॉलेजातल्या कुणा पोरीने माझा फोटो इंटरनेटवर टाकला. मग मी जगभर फिरलो म्हणे. कुणी मला लग्नाच्या फोटोत नवरदेवाशेजारी बसवलं, कुणी चंद्रावर. लांबून लोक येत, माझ्यासारखे दात विचकून फोटो काढत आणि काही न खाताच चालते होत. माणसांची ही तऱ्हा मला अजून उमगलेली नाही. हसायला एवढ्या लांब येता, तर एक घास खायला काय जातं?

आणि मग एका मंगळवारी पालिकेची नोटीस आली. सगळ्या टपऱ्यांची दर्शनी बाजू पांढरी हवी, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. नाहीतर क्रेन टपरीच उचलून नेणार.

बुधवारी रसवाल्याच्या पत्र्यावरचा अननस पांढऱ्या रंगाखाली गेला. गुरुवारी चांभाराचा बूट गेला. पुसत होता फिदेन्सिओच! सत्तरी उलटलेली, नवी चित्रं कुणी मागत नव्हतं, म्हणून त्याने हे काम पत्करलं होतं. स्वतः काढलेलं स्वतःच पुसत तो एकेक टपरी पुढे सरकत होता, आणि मी मोजत होतो.

शुक्रवारी अकरा वाजता तो बादली घेऊन माझ्यापुढे आला. एर्लिंदा आडवी आली.

"बाजूला हो, एर्लिंदा."

"आधी मला रंगव, मग त्याला."

"अगं, क्रेन कोपऱ्यावर आलीय! टपरी गेली तर काय खाशील? हे दात?"

एर्लिंदाने डोळ्यांना पदर लावावा तशी शाल लावली आणि बाजूला झाली.

पहिला हात कानावर बसला. गार लागलं. दुसरा डोळ्यावर, आणि माझं अर्धं जग गेलं. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो. ब्रश दातांशी आला आणि थांबला. पेंटर एर्लिंदाकडे वळला.

"नोटिशीत काय लिहिलंय? पुन्हा वाच."

"दर्शनी बाजू पांढरी."

"मग पाना आण! पत्राच उलटा करतो."

चार बोल्ट होते. तीन निघाले. चौथा गंजून बसलेला, हलायला तयार नाही. तिकडे क्रेनने भोंगा दिला. बाराला दहा मिनिटं कमी. एर्लिंदाने कढईतली पळीभर उकळती चरबी आणून त्या बोल्टवर ओतली.

"आता फिरव मेल्या! जोर लाव!"

बोल्ट करकरला आणि सुटला. दोघांनी मिळून मला फिरवलं, आवळलं, आणि पेंटरने माझ्या पाठीवर पांढरा रंग फासला. शेवटचा हात ओढतोय तोवर पालिकेचा साहेब कागद घेऊन हजर.

"इथे डुक्कर होता ना?"

"आत आहे," एर्लिंदा म्हणाली. "बाहेर पांढरं आहे की नाही, तेवढं बघा साहेब."

साहेबाने पत्र्यावर बोट फिरवलं, बोट पांढरं झालं. त्याने नोटीस दोनदा वाचली, क्रेनला पुढे जायची खूण केली आणि बोट पुसत निघून गेला.

आता मी आत असतो. एक कान नाही, एक डोळा पांढरा. रस्ता दिसत नाही, धुराने टोपी काळवंडत चालली आहे. मला शोधत कुणी आलात, तर आधी दोन घास खा, मग खिडकीतून मान घालून मला बघा. मी रागावणार नाही.

त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर एर्लिंदा पळी हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"बघतोस काय नुसता? मीठ बरोबर पडलंय का, सांग की."

मला कुठलं बोलता येतंय! मी आपला हसलो. मग तीही हसली, तोंड भरून, अगदी मोठ्याने. एकोणीस वर्षं तिच्या दारात काढली, पण तिचे दात मी पहिल्यांदाच पाहिले.